मक्याला ठिबक लावायला लावणाऱ्या कृषी सहायक ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

बदलीची ऑर्डर आली आणि तुम्ही घाईत निघालात. निरोपाचा चहासुद्धा राहिला. म्हणून हे आभार सगळ्यांसमोर मांडतोय.

आमच्या सिल्लोड तालुक्यात मिरचीला ठिबक नवं नाही. पण मिरची संपली की नळ्या गुंडाळून ठेवायच्या आणि रब्बीच्या मक्याला पाटानं मोकाट पाणी सोडायचं, ही इथली रीत. "नळ्या उचलू नका, त्याच बेडवर नळीच्या दोन्ही अंगांनी मका टोका," असं तुम्ही म्हणालात तेव्हा पारावर बरंच हसू झालं. मक्याला ठिबक म्हणजे नुसती हौस, असं आमच्या दादाचंही मत. आता दादाच लोकांना हिशेब सांगत फिरतो!

हिशेब तुमचाच. एकरावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण 4,000 लिटर. थंडीत भर वाढीतल्या मक्याला दिवसाला 4 मिलिमीटरच्या आसपास लागतं, म्हणजे 16,000 लिटर. नळ्या चार फुटांवर आणि नळीवर दर 40 सेंटीमीटरला ताशी 2 लिटर पाणी ठिबकवणारा ड्रिपर असेल, तर तासाभरात काम होतं. पाटानं दारं धरायला अख्खी रात्र जायची, तीही लाइट टिकली तर.

विहिरीला पाणी कमी असेल तर ताण कधी द्यायचा, हेही तुम्हीच बजावलंत. वाढीच्या काळात थोडी ओढ बसली तर पीक सोसतं. तुरा निघताना आणि कणसाला केसर येताना अजिबात नाही. केसर वाळलं की परागकण असूनही दाणा धरत नाही, कणीस बोडकं राहतं.

पण खरे आभार खतासाठी. तेव्हा गावात जो तो 'शेण-गोमूत्राचं जीवामृत सोडा, युरिया बंद करा' म्हणत होता. तुम्ही बांधावर बसून आकडे मांडलेत: चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, म्हणजे एकरी 5 टन टाकलं तर 25 किलो, तेही पहिल्या वर्षी सगळं पिकाला मिळत नाही. मक्याला नत्राची शिफारस हेक्टरी 120 किलो, म्हणजे एकरी 48. मका खादाड आहे, शेणखतानं माती पाणी धरून ठेवील, पण उरलेलं नत्र कुठून आणणार ते आधी ठरवा, असं स्पष्ट सांगितलंत. म्हणून शेणखत, बियाण्याला अ‍ॅझोटोबॅक्टर हे हवेतलं नत्र धरणारं जिवाणू खत, आणि युरिया कमी करून ठिबकमधून हप्त्याहप्त्यानं, असं बसवलं. जीवामृत फडक्यातून गाळल्याशिवाय नळीत सोडू नका, ड्रिपर तुंबतात, हा दमही लक्षात आहे.

औषधाची बाटली खपवायला येणारे पुष्कळ असतात. तुम्ही काहीच विकलं नाहीत.

नव्या गावातही मिरची आहे म्हणे. तिथं कुणाला नळ्या गुंडाळायची घाई झाली असेल, तर त्यांना आमच्या रानाचा रस्ता दाखवा. आणि तो राहिलेला चहा प्यायला तुम्हीही या.

तुमचा,
सिल्लोड तालुक्यातला एक मका उत्पादक