शेणमाशीला घाण म्हणून हिणवू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

परवा तुमच्या पानावर 'शेणातल्या घाणेरड्या माश्या' असं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी युरोपात एका लॅबमध्ये पिवळी शेणमाशी वाढवायचं काम केलंय. तिकडच्या थंड कुरणांत शेणाच्या ताज्या पोवर या माशीचे सोनेरी केसाळ नर माद्यांची वाट बघत बसलेले असतात, मादी शेणात अंडी घालते आणि अंड्याला दोन छोटे पंखासारखे भाग असतात म्हणून ते शेणात बुडत नाही, मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हा मी थक्क झालो!

लॅबमध्ये शेण आधी फ्रीझ करायचं म्हणजे त्यातले बाकीचे किडे मरतात, मग एका अळीमागे २ ग्रॅमच्या वर शेण द्यायचं, कमी पडलं की माशी बारकी निघते. पूर्ण वाढलेली माशी शिकारी, म्हणून प्रत्येकीला वेगळ्या बाटलीत ठेवायचं, सोबत साखर, पाणी आणि फळमाश्या. फळमाशीसारखी शिकार खाल्ल्याशिवाय मादीची अंडी तयारच होत नाहीत.

हा खटाटोप कशाला? तर जनावरांना दिलेलं आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध शेणातून बाहेर पडतं आणि अळ्या मारतं. अशी औषधं तपासायला ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने २००८ मध्ये याच माशीवरची टेस्ट ठरवून दिली. आपल्याकडेही गुरांना हे इंजेक्शन सर्रास देतात, मग आपल्या शेणातल्या किड्यांचं काय होतं? यावर तुमच्या शेती पुरवणीत एखाद्या पशुवैद्यांकडून सविस्तर लिहून घ्याल का?

आपला एक वाचक