हार घालण्याआधीचा फोटो

ती. आई आणि बाबा,
सा. न.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "लोकांचं घर जळतंय आणि तू फोटो कसले काढतेस?" बाबांनी विषय बदलला. पण तुझा प्रश्न रास्त आहे आणि तो माझ्या मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बाबांची काळजी. मी आगीजवळ जात नाही. पोलिसांनी बांधलेल्या दोरीच्या बाहेर, वारा पाठीशी घेऊन उभी राहते. इमारत जेवढी उंच, त्याहून जास्त अंतर ठेवते, कारण भिंत बाहेर कोसळली तर तेवढ्या लांबवर येते. लांबची लेन्स घेतली ती त्यासाठीच. पाणी भरलेल्या होजवर पाय देत नाही, बंबाची वाट अडवत नाही. फ्लॅश तर कधीच मारत नाही. धुरात त्याने नुसता पांढरा पडदा उमटतो, आणि शिडीवर चढलेल्या माणसाचे डोळे दिपले तर काय होईल ते सांगायला नको. स्टेशन ऑफिसर "मागे व्हा" म्हणाले की मी मागे होते. तिथे वाद नाही.

आता तुझं. ज्यांचं घर जळतं त्यांचे फोटो मी काढत नाही. स्ट्रेचरवरचा माणूस, १०८ च्या गाडीत चढवलेलं पोर, फुटपाथवर बसून रडणारी बाई, यांच्याकडे कॅमेरा वळवत नाही. तसलेच फोटो मागणारे भेटतात, पैसेही देऊ करतात. मी नाही म्हणते. माझा कॅमेरा असतो आग विझवणाऱ्या जवानांवर.

काळबादेवीची आग तुम्हाला आठवत असेल. ९ मे २०१५, गोकुळ निवास. इमारत कोसळली आणि त्या आगीत मुंबई अग्निशमन दलाने चार अधिकारी गमावले: सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई. नेसरीकर तर दलाचे प्रमुख. साहेब कचेरीत आणि जवान आगीत, असं तिथे नव्हतं. त्यांचे चेहरे आपण पेपरात पाहिले ते मात्र सगळं घडून गेल्यावर. त्याआधी १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्याच व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज पेटलं. पोटात कापूस आणि दारूगोळा दोन्ही होतं. आग विझवताना स्फोट झाला आणि दलाचे ६६ जण गेले. त्यांच्यासाठीच १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. ही माणसं आपल्याला फक्त हार घातलेल्या तसबिरीत भेटावीत, याचा मला फार त्रास होतो. ती धडधाकट असताना, कामात गुंतलेली असताना त्यांचा फोटो कुणीतरी काढून ठेवायला हवा. तो मी काढते.

गेल्या महिन्यात कापडाच्या एका गोदामाला आग लागली. ज्वाळा दिसेनाशा झाल्यावर बघे पांगले, चॅनेलवालेही गेले. पुढे कितीतरी तास कूलिंग चाललं. गठ्ठे उपसून आतली धग मारावी लागते, नाहीतर पुन्हा पेट घेतात. धुरात श्वास घेता यावा म्हणून जवान पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क लावतात, त्याला बीए सेट म्हणतात. सिलिंडरमधली हवा संपत आली की त्याची शिट्टी वाजते. ती वाजवतच एक जवान बाहेर आला. मास्क काढला तर गालांवर, कपाळावर लाल वळ आणि मान काजळीने काळीभोर. हातमोजे निघेनात, बोटंच वळत नव्हती. शेजारच्याने ओढून काढले. बाटलीतलं अर्धं पाणी प्यायला, अर्धं डोक्यावर ओतलं, नवा सिलिंडर पाठीवर चढवला आणि परत आत. मी तो फोटो नंतर त्यांना पाठवला. म्हणाले, "मॅडम, पोरीला दाखवला. तिला वाटायचं पप्पा गाडीवर बसून घंटा वाजवतात."

केंद्रावरचे अधिकारीही फोटो मागून घेतात. धूर कुठल्या खिडकीतून येत होता, कसल्या रंगाचा होता, शिडी कुठे लावली होती, हे त्यांना मागाहून निवांत बघता येतं आणि नव्या मुलांना दाखवता येतं.

आई, एवढं वाचूनही पटलं नाही तर मोकळेपणी सांग. दिवाळीला येताना फोटो छापून आणते, समोर बसून बघू. रात्री फोन उचलला नाही तर घाबरू नका. घरी पोचल्यावर, कितीही वाजले तरी, मेसेज करतेच.

बाबा, स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नळीवर मुदत छापलेली असते, ती चष्मा लावून बघा. उलटून गेली असेल तर एजन्सीला सांगून या आठवड्यातच बदलून घ्या.

तुमची,
सुमा