पावसाळ्यात घरच्या घरी टेनिस करून घेणाऱ्या ताईंना थँक्यू

ताई, नमस्कार.

तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये, पण हे सगळ्यांसमोर लिहायचंच होतं.

जूनमध्ये पाऊस लागला, इथल्या क्ले कोर्टवर ताडपत्री पडली आणि आता पोरीचा खेळ बसणार या टेन्शनमध्ये आम्ही होतो, तेव्हा तुम्ही स्वतःहून घरी आलात, हॉल बघितलात, पार्किंग बघितलंत, टेरेसची ओली फरशी बघून "इथे अजिबात नको, पाय सरकेल" म्हणालात आणि तिथल्या तिथे कागदावर सगळा प्लॅन लिहून दिलात. फीचं विचारलं तर चहा घेतला की म्हणालात!

सगळ्यात जास्त आभार स्प्लिट स्टेपसाठी. म्हणजे समोरचा बॉल मारतो त्याच वेळी छोटीशी उडी, पंजांवर लँडिंग, गुडघे थोडे वाकलेले आणि बॉल जिकडे येतोय तिकडे लगेच पहिलं पाऊल. कोच सर हे कायम सांगायचे, पण कोर्टवर बॉल, ग्रिप, स्विंग सगळं एकदम सांभाळताना तिचं ते राहूनच जायचं. तुम्ही आधी रॅकेटच बाजूला ठेवायला लावलीत. मी टाळी वाजवायची, तिने उडी मारायची, ती हवेत असतानाच मी डावा नाहीतर उजवा हात दाखवायचा, तिने तिकडे पळून मोकळ्या हाताने फोरहँड मारल्यासारखं करायचं आणि परत मध्ये यायचं. हॉलमधला सोफा भिंतीला लावला की पुरे, एवढ्याशा जागेत घाम निघतो. आणि २०२३ ला हांगझोच्या एशियन गेम्समध्ये ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड जिंकलं तेव्हापासून आमची पोरगी तिची फॅन, हे कळल्यावर तुम्ही म्हणालात, मग तिच्या मॅच लाव, बॉल बघूच नको, फक्त पाय बघ. तेव्हापासून घरात टेनिस बघायची पद्धतच बदललीये, आजीसुद्धा आता "बघ, उडी मारली" म्हणते.

टॉसचंही, म्हणजे सर्व्हिससाठी बॉल वर टाकतात त्याचंही, तसंच. पार्किंगमध्ये पुढच्या पायासमोर रॅकेट जमिनीवर ठेवायची, हात सरळ ठेवून मनगट न वळवता बॉल वर सोडायचा आणि मारायचा नाही, पडू द्यायचा, तो रॅकेटच्या जाळीवर पडला पाहिजे. सुरुवातीला बॉल गाड्यांखाली जायचे, आता बहुतेक वेळा बरोबर पडतो. आणि टॉस वाकडा गेला तर तो मारलाच पाहिजे असं नाही, सोडून परत टाकता येतो, हे तुम्ही सांगितल्यापासून सर्व्हिसची तिची धास्तीच कमी झाली.

थेराबँड, म्हणजे ताणायची रबरी पट्टी, दाराच्या हँडलला बांधून खांद्याचा व्यायाम रोज चालू आहे, कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये घडी केलेला टॉवेल धरून, टॉवेल पडला की कोपर सुटलं. सर्व्हिसनंतर जोरात गेलेल्या हाताला ब्रेक लावायचं काम खांद्याच्या मागचे छोटे स्नायू करतात हे तुम्ही तिला तिचाच हात धरून दाखवलंत, त्यामुळे हा व्यायाम कर म्हणून मागे लागावं लागत नाही, ते बाकी स्किपिंग, प्लँकला लागतं :)

उघडीप मिळाली की सोसायटीच्या भिंतीवर खडूने ३ फुटांवर रेघ मारतो, नेटची मधली उंची तेवढीच असते ना, आणि रेघेच्या वर हळू रॅली करते. जोरात नाही, तुम्ही सांगितलंय तसं.

आता कोर्ट सुरू झालंय आणि पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, हिचे पाय लवकर हलायला लागलेत. ते ऐकून ती थेट तुम्हाला फोन करायला निघाली होती, तुम्ही गावाला होतात म्हणून हे पत्र. ताई, खरंच खूप खूप थँक्यू. आल्यावर घरी जेवायलाच या, आणि बॅकहँडसाठी घरी काय करायचं ते तिला तुम्हालाच विचारायचंय, माझं ती ऐकत नाही.

तुमच्या स्टुडंटची आई