केगला घाई करू नकोस

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मेलबर्नला तू घरी बिअर करायला लागलास हे वाचून फार आनंद झाला. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे घरी करता येत नाही, त्यामुळे मी जे शिकलो ते आमच्या ब्रुअरीच्या कोल्ड रूममध्ये. तेच तुला सांगतो.

आंबवण संपली म्हणजे बिअर झाली असं समजू नकोस. खरी जपणूक केगमध्ये, म्हणजे बिअर दाबाखाली साठवायच्या स्टीलच्या पिंपात. तिथे मुख्य शत्रू ऑक्सिजन. तो शिरला की काही आठवड्यांत बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते आणि ती कशानेही जात नाही. रिकाम्या केगमध्ये वरून थोडा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडून सगळी हवा निघत नाही. तुझा १९ लिटरचा केग सॅनिटायझरच्या पाण्याने काठोकाठ भर, झाकण लाव, आणि गॅसच्या दाबाने ते पाणी पूर्ण बाहेर काढ. मग फर्मेंटरची, म्हणजे आंबवणीच्या भांड्याची, नळी केगमधून बिअर बाहेर येते त्या तोंडाला जोड आणि झाकणावरचा व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेव. बिअर तळातून शांतपणे चढते, फेस होत नाही. भरून झालं की दाब दे आणि झाकणाच्या कडेला साबणाचं पाणी लाव. बुडबुडा दिसला तर गॅस गळतोय. हे टाळलं आणि गळती राहिली तर अख्खा सिलिंडर रात्रीत रिकामा होऊ शकतो.

पुढे ३-४ अंशांवर १२ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब ठेवून आठ-दहा दिवस हात लावू नकोस, म्हणजे गॅस बिअरमध्ये हळूहळू विरघळतो. काहीजण दाब वाढवून केग हलवतात. मला ते मुळीच पटत नाही. गॅस जास्त होतो आणि तळाला बसलेलं यीस्ट पुन्हा वर येतं. पहिला ग्लास गढूळ येईल, तो ओतून दे.

लागर आणि स्टाउट या प्रकारच्या बिअर लोणच्यासारख्या मुरतात, त्यांना महिनाभर दे. हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) भरपूर असलेली बिअर मात्र लवकर संपव, तिचा सुगंध आधी उडतो.

तुमच्याकडे जानेवारीत पारा चाळिशी गाठतो, तेव्हा भरलेला केग गॅरेजमध्ये ठेवू नकोस. जुना का होईना, एक वेगळा फ्रिज घेच. आणि केग सॉफ्ट ड्रिंकचा जुना असेल तर सगळ्या रबरी रिंगा बदल, त्यांत सरबताचा वास मुरलेला असतो. नवा घेतलास की जुना, ते कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मंदार