५२ वजा २७ बरोबर ३५

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी भांडुपला एका मराठी शाळेत गेली २१ वर्षं गणित शिकवते, सध्या पाचवीला. पत्र लिहायचं कारण म्हणजे एका मुलाची वजाबाकी. मागच्या चाचणीचे पेपर तपासायला घरी आणले होते, जेवणं उरकून गठ्ठा घेऊन बसले तर याचा पेपर वर आला. ५२ वजा २७ बरोबर ३५. चूक. ८१ वजा ४६ बरोबर ४५. चूक. ४०३ वजा १५८ बरोबर ३५५. चूक. ६८ वजा २५ मात्र ४३, बरोबर. चारात एक. लाल पेनाने फुल्या मारून पुढे जाणारच होते, इतकी वर्षं तेच केलंय, पण दिवसभर काय डोक्यात होतं कोण जाणे, थांबले आणि परत बघितलं तर लक्षात आलं की अरे, हा पोरगा चुकत नाहीये, हा एक नियम पाळतोय! वरचा आकडा लहान असेल तर खालच्यातून वरचा वजा करतोय. प्रत्येक गणितात तेच, एकदाही नियम मोडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला मधल्या सुट्टीत विचारलं, बाळा असं का केलंस. तो म्हणाला, "बाई, दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून सातातून दोन घालवले. मोठ्यातूनच लहान वजा करायचं असतं." हे त्याला पहिली-दुसरीत कुठल्यातरी बाईंनीच सांगितलेलं असणार, आणि खरं सांगू का, मीही हे वाक्य शंभर वेळा वर्गात म्हटलेलं आहे.

आता गंमत बघा. त्याच्याच शेजारी बसणारी मुलगी, तिलाही तेवढेच मार्क. तिची वजाबाकी एकदम पक्की, पण तोंडी सांगितलेली संख्या लिहिताना गोंधळ. एकोणतीस म्हटलं की ३९ लिहिते आणि पाचशे सात म्हटलं की ५००७. मराठीत शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, एकोणचं दुखणं घरोघरी आहे, कारण कानाला तीस ऐकू येतं आणि लिहायचं असतं वीसच्या घरातलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बावीस, तेवीससाठी वीस दोन, वीस तीन असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, व्हॉट्सअ‍ॅपवर जोक फिरत होते, गणितज्ञ मंगला नारळीकर बाई शांतपणे समजावून सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटे उच्चार लहान मुलांना जड जातात, पण ऐकायचं कुणाला होतं. ती पद्धत बरोबर की नाही यावर माझं आजही ठाम मत नाहीये, पण मुलं तिथे अडतात हे तर खरंच होतं ना.

तर मुद्दा असा की दोघांना मार्क सारखे, आजार वेगळे, आणि मार्कांच्या तक्त्यात दोघं एकाच रांगेत 'सरावाची गरज' म्हणून. त्या मुलाला अजून पन्नास वजाबाक्या घातल्या असत्या तर त्याने पन्नास वेळा तीच चूक पक्की केली असती, म्हणजे सराव झाला पण चुकीचा.

माझी तक्रार चाचण्यांबद्दल नाहीये. उलट चाचण्या भरपूर आहेत, पायाभूत आहे, संकलित आहे, शाळेच्या घटक चाचण्या आहेत. पण चाचणी झाली की आमची धावपळ कशासाठी असते तर मार्क वेळेत ऑनलाइन भरायला. नेट चालत नाही, लॉगिन होत नाही, वरून मेसेजवर मेसेज, 'अमुक वर्ग पेंडिंग'. एकदा भरलं की पेपर कपाटात आणि पुढचा धडा सुरू, कारण पोर्शन. मुलाने चूक काय केली होती हे मला आजपर्यंत कुणीही विचारलेलं नाही, किती मार्क पडले एवढंच विचारतात.

निदान करायचं म्हणजे काही मोठं शास्त्र लागत नाही, पेपर जरा विचार करून काढावा लागतो. दहा गणितं एकाच छापाची देण्यापेक्षा एक बिनहातच्याचं, एक हातच्याचं, एक मधे शून्य असलेलं. ६१२ भागिले ६ द्या, १२ उत्तर आलं तर मूल शून्य गाळतंय. ०.३५ मोठे की ०.४ विचारा, ०.३५ म्हणालं तर ते दशांश चिन्हाच्या पुढचं साध्या संख्येसारखं वाचतंय. ८ अधिक ४ बरोबर चौकट अधिक ५, चौकटीत १२ लिहिलं तर त्याला 'बरोबर' चा अर्थ 'आता उत्तर लिही' एवढाच माहीत आहे (सातवीतली पोरंसुद्धा हे करतात, करून बघा). चुकीचं उत्तरच सांगतं उद्या वर्गात काय घ्यायचं ते.

आणि हे सगळं मुंबईला नवीन नाही हो. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने इथल्या आणि बडोद्याच्या पालिका शाळांमध्ये बालसखी नावाचा उपक्रम चालवला, तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज दोनेक तास वस्तीतल्याच एका मुलीकडे बसायची आणि ती त्यांना जिथे अडलंय तिथून शिकवायची. त्याचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो हे अर्थतज्ज्ञ होते, ज्यांना २०१९ ला नोबेल मिळालं. मुलांची इयत्ता न बघता पातळी बघून शिकवायचं ही कल्पना इथून जगभर गेली आणि आम्ही मात्र एक्सेल भरतोय.

मी या वेळी पंधरा दिवस वर्गात तीन गट केले, एकोणचा, हातच्याचा आणि शून्याचा. लगेच एक आई आली, माझ्या मुलाला ढ पोरांत का बसवलं म्हणून. मी त्यांना वर्गात नेऊन दाखवलं की एकोणच्या गटात वर्गातली पहिली येणारी मुलगीपण बसलीये. गट त्या चुकीपुरता असतो, मुलाचा नसतो, आणि चूक सुटली की मूल उठून दुसरीकडे जातं. गट वर्षभर तसेच ठेवले तर मात्र त्या आईंचं म्हणणं बरोबर ठरेल.

मागणी एवढीच आहे की चाचणीनंतर चार-पाच दिवस नवीन धडा नको, पेपर वर्गशिक्षकाकडेच राहू देत, आणि भरायचंच असेल तर मार्कांच्या शेजारी 'कुठे अडलं' असा एक रकाना द्या. नवीन चाचणी कृपया काढू नका.

तो मुलगा आता काय करतोय ते सांगते. त्याची आई स्टेशनबाहेर भाजी विकते, शाळा सुटली की हा गाडीवर असतो. मी त्याला दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी दिली, म्हटलं मला सत्तावीस दे. दोन नोटा चटकन काढल्या, मग म्हणतो, "बाई, सात नाहीत, दहाचे सुटे लागतील." मी म्हटलं हेच वहीत कर की! पुस्तकात दशक सुटा करणे असंच लिहिलेलं असतं, पण ते आणि गाडीवरचे सुटे एकच, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. (२०२५ मध्ये 'नेचर'मध्ये बॅनर्जी-डफ्लो वगैरेंचा कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास आला, त्यातही हेच, बाजारात हिशेब चोख आणि वहीवर अडखळ.)

५२ वजा २७ आता २५ येतं. ४०३ वजा १५८ अजून येत नाही, कारण दहाची नोटच नाहीये, मग सुटे कुणाकडून आणायचे. सोमवारी शंभराच्या नोटा घेऊन बसणार आहोत.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका, भांडुप, मुंबई