उत्तर मागावे कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्यात इंग्रजी ईमेल लिहिणाऱ्यांची वाण नाही. सयाजीराव विद्यापीठातली मुले परदेशी प्राध्यापकांना प्रवेशाबद्दल विचारतात, मकरपुऱ्याचे छोटे कारखानदार बाहेरच्या गिऱ्हाइकांना दर कळवतात. मजकूर बहुधा ठीक असतो. घोळ होतो तो उत्तर मागताना.

'काइंडली रिव्हर्ट ॲट द अर्लीएस्ट' आपल्याकडे सर्रास चालते. भारताबाहेर मात्र बहुतेकांना 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणे एवढेच ठाऊक असते. 'डू द नीडफुल'मध्ये नेमके काय करायचे हेच सांगितलेले नसते. आणि 'प्लीज' किंवा 'काइंडली' जोडले तरी हुकूम तो हुकूमच राहतो. इंग्रजीत अदब येते ती प्रश्न विचारण्यातून: 'कुड यू प्लीज सेंड द रिव्हाइज्ड ड्रॉइंग बाय 14 मार्च?' त्याला लागूनच कारण द्यावे: 'वी प्लॅन टु स्टार्ट मशिनिंग ऑन 17 मार्च.' कारण कळले की घाई उद्धट वाटत नाही. नुसते 'अर्जंट' लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

मुदतीसाठी 'बाय' हवे, 'टिल' नव्हे. महिना अक्षरांत लिहावा, कारण 05/06 हा इंग्लंडमध्ये 5 जून, तर अमेरिकेत 6 मे. वेळ घालायची तर कुठली तेही सांगावे. आपले संध्याकाळचे पाच म्हणजे लंडनला हिवाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा.

प्रश्न चौथ्या परिच्छेदात दडवू नये. पहिल्या दोन-तीन ओळींतच विचारावा, ओळख आणि पार्श्वभूमी मागाहून. प्रश्न तीन असतील तर त्यांना क्रमांक द्यावेत, नाहीतर समोरचा पहिल्याचे उत्तर देतो आणि बाकीचे राहून जातात. विषयाच्या ओळीत 'रिक्वेस्ट' एवढेच न लिहिता 'ड्रॉइंग नीडेड बाय 14 मार्च' असे लिहावे.

उत्तर नाही आले तर? व्यवहाराच्या पत्राला कामाचे चार-पाच दिवस द्यावेत, प्राध्यापकांना आठवडा-दहा दिवस. मग नवा ईमेल न काढता जुन्याच ईमेलला 'रिप्लाय' करावा, म्हणजे आधीचा मजकूर खाली राहतो. 'आय ॲम स्टिल वेटिंग फॉर युवर रिप्लाय'मध्ये तक्रारीचा सूर आहे. त्याऐवजी 'आय ॲम फॉलोइंग अप ऑन माय ईमेल ऑफ 3 मार्च' म्हणावे आणि मूळ प्रश्न एका ओळीत पुन्हा लिहावा, त्यांना शोधायला लावू नये. काम दुसऱ्या कुणाकडे असण्याचा संभव असेल तर 'इफ अ कलीग हँडल्स धिस, कुड यू टेल मी हूम टु कॉन्टॅक्ट?' हे विचारणे फार उपयोगी पडते. साहेबांना 'सीसी'त घालणे मात्र अगदी शेवटी. पहिल्याच आठवणीला ते केले की समोरच्याला चहाडी केल्यासारखे वाटते.

समारोपाला 'आय लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू' पुरे. तिथे 'हिअर' लिहिणे ही सगळीकडे दिसणारी चूक आहे.

आपल्या शैक्षणिक पानावर दर आठवड्याला असा एखादा ईमेल, आधीचा आणि सुधारलेला, शेजारी-शेजारी छापावा ही विनंती. मुलांना नियमांच्या यादीपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

आपला,
एक वाचक, बडोदे