दिग्या, नानांना तेवढा फोन कर

पुणे,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय दिग्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालायच्या असतील तर नंतर सावकाश घाल, आधी नानांना फोन कर. इकडे सगळ्यांची तब्येत ठीक. माझा गुडघा होता तिथेच आहे.

मोडीच्या वर्गासाठी सहा टॅब्लेट घ्यायचे हे तुझ्यासमोरच ठरलं होतं. पैसे जमले, संक्रांतीनंतरची तुकडी भरली, आणि आता नाना म्हणतात की मार्चपर्यंत थांबू. नातवानं त्यांना एक व्हिडिओ दाखवला. त्यात म्हणे मार्चमध्ये येणाऱ्या ॲपलच्या साध्या आयपॅडची सगळी माहिती आधीच फुटलीये: १२० हर्ट्झचा पडदा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा), लॅमिनेशन (काच आणि पडदा मध्ये फट न ठेवता चिकटवलेले), पेन्सिल प्रो हे ॲपलचं वरच्या दर्जाचं पेन, आणि किंमत आहे तीच. नानांनी ते वहीत उतरवून खाली लाल रेघ मारली. त्या रेघेपुढे आमचं कुणाचं चालत नाही, तुझं चालतं. ते का, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. २०११ साली 'आकाश' हा स्वस्त सरकारी टॅब्लेट आला तेव्हा "आयपॅडचा खेळ खलास" असं कट्ट्यावर छातीठोकपणे सांगणारा तूच. सात इंची रेझिस्टिव्ह पडदा, २५६ एमबी रॅम, बोटाला दाद नाही म्हणून नखानं दाबायचं. तरी यंत्राचा विषय निघाला की नाना म्हणणार, "दिगंबरला विचारा." तर दिगंबरराव, मुद्दे माझे घ्या, आवाज तुमचा लावा.

पहिलं म्हणजे, आयपॅड एक नाही, चार आहेत: साधा, मिनी, एअर आणि प्रो. खालच्याचा अंदाज बांधताना त्यात काय घालता येईल हे बघायचं नसतं. काय घातलं तर वरच्याचा खप बसेल, हे बघायचं. साधा ३४,९०० ला आणि एअर ५९,९०० ला. मधल्या २५ हजारांत काय मिळतं? एम३ चिप, लॅमिनेटेड पडदा, काचेवरची चमक मारणारा लेप आणि पेन्सिल प्रो चालण्याची सोय. नुसत्या चिपसाठी एवढे पैसे फार थोडे लोक मोजतात, कारण साध्यातल्या ए१६ वर बहुतेकांचं भागतं. पैसे मोजले जातात पडद्यासाठी आणि पेनसाठी. तेच दोन्ही ३४,९०० ला द्यायला लागले तर एअर घेणार कोण? आणि १२० हर्ट्झ तर एअरलाही नाही, तो फक्त प्रोला. मधल्याला वगळून थेट धाकट्याच्या नावावर वाडा, अशी वाटणी तुमच्या घराण्यात झाली असेल, कंपन्यांत होत नाही.

लॅमिनेशन खाली कधी उतरेल तेही सांगतो, म्हणजे नाना उलटतपासणीला लागले तर तू अडकणार नाहीस. एअरला स्वतःची वेगळी शान मिळेल तेव्हा. म्हणजे एअरचा पडदा ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा) झाला किंवा ९०-१२० हर्ट्झचा झाला की मग लॅमिनेशन साध्याला द्यायला हरकत उरत नाही. त्याआधी नाही. ओएलईडी आयपॅड 'यंदा येतोच' असं आपण किती वर्षं ऐकलं आठव. आला तो मे २०२४ मध्ये, आणि तोही फक्त प्रोमध्ये.

चिपचा अंदाज मात्र पंचांगासारखा मांडता येतो. साध्या आयपॅडला आयफोनची जुनी चिप मिळते. २०२० ला ए१२ मिळाली, ती आयफोनमध्ये २०१८ ला आलेली. २०२१ ला २०१९ ची ए१३, २०२२ ला २०२० ची ए१४. मग मोठा खंड, आणि मार्च २०२५ ला २०२२ ची ए१६. दोन ते तीन वर्षांचं अंतर कायम. आता ओळीत ए१७ प्रो आणि ए१८. ए१७ प्रो ज्या पहिल्या तीन नॅनोमीटर प्रक्रियेवर बनली ती महाग होती आणि पुढच्याच वर्षी ए१८ सुधारलेल्या प्रक्रियेवर गेली. त्यामुळे मी ए१८ म्हणतो. तिच्याबरोबर ८ जीबी रॅम, कारण ॲपल इंटेलिजन्सला, म्हणजे कंपनीच्या एआय सोयींना, तेवढी लागते आणि ए१६ मध्ये सहाच आहे. विक्रीत असलेल्या चार आयपॅडांपैकी ही सोय नसलेला हा एकटाच उरलाय, आणि तो डाग कंपनी आधी पुसणार. एवढ्यावर मी पैज लावतो. २०१२ ला तू हरलेल्या पैजेची मिसळ मात्र त्याआधी यायला हवी. "मिनीला रेटिना पडदा (ठिपके दिसणार नाहीत इतका बारीक) असणारच," असं तू म्हणाला होतास. आला तो १०२४ बाय ७६८ चा, रेटिना मिळाला पुढच्या वर्षी.

पण गंमत बघ. जे नक्की येणार, त्याचा आपल्या वर्गाला काडीचा उपयोग नाही. ॲपल इंटेलिजन्सला आज मराठीसुद्धा येत नाही, मोडी तर सोडूनच दे. आणि जे हवंय ते येणार नाही. पडदा तोच १०.९ इंची, २३६० बाय १६४०, ६० हर्ट्झचा राहील. साठवण १२८ जीबीपासून, पोर्ट यूएसबी-सी पण वेग जुन्या यूएसबी २ चाच. यातली एखादी गोष्ट चुकली तर वायफायची किंवा मोडेमची चुकेल. ऑक्टोबरमध्ये आलेल्या एम५ चिपच्या आयपॅड प्रोमध्ये कंपनीनं वायफायसाठी स्वतःची एन१ चिप घातली आहे, ती खाली कधी झिरपेल ते सांगणं अवघड. वर्गाला फरक शून्य.

किंमत 'आहे तीच' म्हणणाऱ्या त्या पोराला रुपयाचा भाव कुणी सांगितलेला दिसत नाही. अमेरिकेतली किंमत ३४९ डॉलर. मार्चमध्ये डॉलर ८७ च्या आसपास होता, आता ९० च्या पुढे गेलाय. ३४९ गुणिले ९०, वर १८ टक्के जीएसटी, झाले ३७ हजार. शिवाय एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यानं रॅमचे भाव चढलेत, आणि इथे तर रॅम वाढवायची आहे. कंपनी ३४,९०० चा आकडा हट्टानं धरून ठेवेलही, पण खाली येणार नाही. खाली येईल तो ए१६ चा उरलेला माल, आणि त्याचे रंग आणि साठवण दुकानदार ठरवेल, आपण नाही.

फुटलेल्या बातम्यांबद्दल नानांना एकच कसोटी दे: सांगणाऱ्याच्या हातात ही माहिती कशी आली असेल? कव्हर बनवणाऱ्याला लांबी, रुंदी आणि कॅमेऱ्याचं भोक ठाऊक असतं, त्यामुळे माप खरं निघतं आणि आतलं सगळं ठोकून दिलेलं. भारतात बीआयएसची, म्हणजे सरकारी मानक संस्थेची, नोंदणी लागते. तिथे मॉडेल क्रमांक दिसतो, म्हणजे वस्तू येते आहे एवढंच कळतं. अमेरिकेत रेडिओ यंत्रांना परवानगी देणाऱ्या एफसीसीच्या कागदांत रेडिओचे पट्टे असतात, पडद्याचा तपशील नसतो. गीकबेंच या वेग मोजणाऱ्या ॲपच्या यादीत यंत्राचं नाव खोटं टाकता येतं, पण चिपचे कोअर आणि रॅम जुळत असतील तर थोडं वजन द्यावं. सगळ्यात भरवशाचं म्हणजे कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये चुकून राहिलेली ओळख. आणि पडदा बदलणार असेल तर पॅनेल बनवणाऱ्यांकडून कुजबुज कित्येक महिने आधी सुरू होते, कारण कारखान्याची लाइन आयत्या वेळी बदलत नाही. साध्या आयपॅडच्या पडद्याबद्दल अशी कुजबुज नाही. पाच चॅनेलांवर तेच चित्र दिसलं म्हणून पाच साक्षीदार होत नाहीत. पाचही जणांनी एकाच पोस्टवरून उचललेलं असतं.

आता खरी अडचण, पेनाची. वर्गात पोरं जुन्या कागदाच्या स्कॅनवर गिरवणार. साध्या आयपॅडमध्ये काच आणि पॅनेल यांत हवेची फट असते. पेनाचं टोक काचेवर टेकतं आणि रेघ फटीखाली उमटते. सरळ वरून बघितलं तर जाणवत नाही, पण टेबलाशी तिरकं बसलेल्या पोराला टोक आणि मूळ अक्षर कधीच एकावर एक दिसणार नाही. मोडीत आधी शिरोरेघ आणि मग तिला लटकत, हात न उचलता अक्षरामागून अक्षर. मध्येच हात सावरायला जागा नाही, त्यामुळे ही चूक ओळभर साचत जाते. ६० हर्ट्झवर चित्र १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १२० वर ८.३ नी. जलद लफ्फ्यात रेघ पेनाच्या मागे रेंगाळते ती त्यामुळेच. फटीच्या बाजूनं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काच फुटली तर नुसती काच बदलता येते, लॅमिनेटेडमध्ये पॅनेलसकट जाते. नवशिक्यांच्या वर्गात हे कमी नाही.

दाबाबद्दल तू उन्हाळ्यात माझ्याशी भांडलास, की ॲपलच्या स्वस्त, यूएसबी-सीवाल्या पेन्सिलीला दाब कळत नाही म्हणून ती बाद. दिग्या, बोरूची जाडी दाबानं येते का? टोक तिरकं छाटलेलं असतं, रेघेची दिशा बदलली की जाडी बदलते. चित्राच्या ॲपमध्ये ४५ अंशांवर स्थिर ठेवलेला कॅलिग्राफीचा निब निवडला की दाबाशिवाय बोरूचं वळण मिळतं. दाब हवाच असेल तर ॲपलची २०१५ ची पहिली पेन्सिल साध्या आयपॅडवर अडॅप्टर लावून चालते. पण तिची बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली तर पुन्हा उठत नाही. मे-जूनमध्ये वर्ग बंद, पेनं कपाटात. जुलैत सहापैकी किती जिवंत सापडतील ते तूच सांग.

म्हणून माझा कौल सॅमसंगच्या टॅब एस१० लाइटला. १०.९ इंची, ९० हर्ट्झ, आणि सॅमसंगचं एस पेन डब्यातच. त्या पेनाला लिहायला बॅटरी लागत नाही. पडद्यामागची जाळी त्याला ऊर्जा देते, दाबही कळतो. किंमत ३१ हजारांच्या आसपास, सहाचे १ लाख ८६ हजार. सहा साध्या आयपॅडांचे २,०९,४०० आणि सहा यूएसबी-सी पेन्सिलींचे ४७,४००, म्हणजे २,५६,८००. फरक ७० हजारांचा. प्रोजेक्टर येईल आणि वर जाड कव्हरं.

डोळे झाकून घेऊ नका एवढंच. तापकीर गल्लीत जा नाहीतर लक्ष्मी रोडला, दुकानात चालू पीस मागा. पडद्यावर नखानं टिचकी मारा, पोकळ आवाज आला तर फट आहे. पेनाचं टोक टेकवून कुशीवरून बघा. मग पट्टी ठेवून तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. ती नागमोडी आली तर गिरवायला त्रास होणार. शेवटी तळहात टेकवून दोन-तीन ओळी सलग लिहा, मध्ये ठिपके उठले की तळहात ओळखण्यात गडबड आहे. नानांना सोबत न्या, लिहून त्यांनीच बघावं. त्यांचा हात या वयातही आपल्या दोघांपेक्षा स्थिर आहे.

फोन शनिवारच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर कर, दुपारी ते झोपतात आणि उठवलं तर मार्चचं डिसेंबर करतील, पुढच्या वर्षीचं. व्हिडिओ खोटा आहे असं म्हणू नकोस, नातवाचा आहे. "वर्ग जानेवारीत आहे आणि हवं ते मार्चमध्येही येत नाही," एवढंच म्हण.

नाशिकचं घर मिळालं का? शिफ्टिंगमध्ये माझी इस्त्री तुझ्याकडे गेली आहे, ती राहू दे. चिन्मयीला दहावीसाठी शुभेच्छा, आणि तिला टॅब्लेट परीक्षेनंतरच. वहिनींना नमस्कार. काकांचं मोतीबिंदूचं काय ठरलं ते कळव.

तुझा,
अव्या

ता. क. चुंबक असलेली स्वस्त कव्हरं घेऊ देऊ नकोस. एस पेनाची जाळी चुंबकाजवळ बिथरते आणि रेघ एका बाजूला सरकते. कडांशीही पेन थोडं चुकतं, म्हणून स्कॅन लावताना चारही बाजूंनी बोटभर समास सोडायचा. नाहीतर शिरोरेघ शेवटाला वाकडी जाईल आणि नाना म्हणतील, दिगंबरनं सांगितलं होतं.